कॉर्नहोल: आधी फळी, मग भोक

पहिल्यांदा थैली हातात घेतली तेव्हा मला वाटलं होतं, यात शिकण्यासारखं काय आहे? समोर फळी, फळीला भोक, थैली भोकात टाकायची. माझी पहिली थैली फळीच्या तीन फूट वरून गेली आणि झुडपात अडकली. दुसरी अलीकडेच मातीत आपटली. चारही थैल्या संपल्या तेव्हा माझ्या नावावर भोपळा होता, आणि माझ्याविरुद्ध खेळणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या चारपैकी तीन थैल्या फळीवर होत्या. ती भोकाकडे बघतही नव्हती. फळीच्या मधल्या पट्ट्यात थैली ठेवून द्यावी तशी टाकत होती, आणि त्यातलीच एखादी पुढे घसरत जाऊन आपोआप भोकात पडत होती.

या खेळातली निम्मी अक्कल तिथेच आहे. भोकावर नेम धरणारा दमतो, फळीवर सपाट थैली पाडणारा जिंकतो. खाली मैदान मांडण्यापासून शेवटच्या थैलीपर्यंत सगळं सांगतो, पण हे एवढं डोक्यात ठेवून वाचा.

खेळ आहे तरी काय

दोन उतरत्या फळ्या समोरासमोर ठेवतात. प्रत्येक फळीच्या वरच्या भागात एक गोल भोक असतं. खेळाडू एका फळीशेजारी उभे राहून समोरच्या फळीवर कापडी थैल्या टाकतात. भोकात गेली तर ३ गुण, फळीवर राहिली तर १, जमिनीवर पडली तर काही नाही. आधी २१ गाठेल तो जिंकला.

'कॉर्न' म्हणजे मका. पूर्वी थैल्यांत सुके मक्याचे दाणे भरत, म्हणून हे नाव. हा खेळ कुठून आला याच्या दंतकथा पुष्कळ आहेत, कागदावर सापडतं ते एवढंच: १८८३ साली हेलिगर डी विंट नावाच्या अमेरिकन माणसाने उतरत्या फळीच्या आणि थैल्यांच्या अशाच एका खेळाचं पेटंट घेतलं. त्याच्या फळीतलं भोक मात्र चौकोनी होतं. आजच्या रूपातला खेळ फोफावला तो ओहायोतल्या सिनसिनाटी शहराच्या आसपास आणि शेजारच्या केंटकी, इंडियाना राज्यांत. आता त्याच्या व्यावसायिक लीग आहेत, सामने टीव्हीवर दाखवतात, आणि चारच्या चार थैल्या भोकात घालणारे खेळाडू त्यात सर्रास दिसतात. आपण अंगणात खेळणार आहोत, तेव्हा ते बघून खचून जाऊ नका.

मोजमापं

फळी ४ फूट लांब आणि २ फूट रुंद. भोकाचा व्यास ६ इंच. भोकाचा मध्य वरच्या कडेपासून ९ इंचांवर आणि दोन्ही बाजूंपासून १२ इंचांवर, म्हणजे बरोबर मधोमध. फळीची पुढची कड जमिनीपासून ३ ते ४ इंच उंच, मागची १२ इंच. यातून साधारण दहा अंशांचा उतार मिळतो. ऐकायला फार वाटत नाही, पण उतार याहून जास्त झाला की थैल्या परत खाली घसरतात आणि कमी झाला की सगळ्याच थैल्या पुढे निसटून जातात.

दोन फळ्यांमधलं अंतर पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत २७ फूट. इथे बरेच जण चुकतात आणि भोकापासून भोकापर्यंत मोजतात. एका भोकाचा मध्य पुढच्या कडेपासून ३९ इंच आत असतो, दोन्हीकडचे मिळून साडेसहा फूट होतात. म्हणजे तसं मोजलं तर मैदान साडेसहा फुटांनी आखूड होतं. मग बाहेर कुठे खेळायला गेलात की तुमची प्रत्येक थैली अलीकडे पडणार आणि कारण कळणार नाही.

लहान मुलांसाठी २१ फूट ठेवतात. अगदी चिमुरडी असतील तर दहा-बारा फुटांवरही चालतं. मुलांना आणि मोठ्यांना एकत्र खेळायचं असेल तर फळ्या हलवू नका. मुलांनी फळीच्या पुढे येऊन टाकायचं, मोठ्यांनी मागून. मी तर अजिबात जमत नसलेल्या मोठ्या माणसालाही चार पावलं पुढे उभं करतो. तासाभरात तो स्वतःच मागे सरकतो.

जागा आणि मांडणी

जागा साधारण ४० फूट लांब आणि ८ ते १० फूट रुंद हवी. दोन फळ्या आणि मधलं अंतर मिळून ३५ फूट होतात, शिवाय फळ्यांच्या मागे थोडी मोकळी जागा लागते. मागे खिडकीची काच, कुंड्या किंवा झोपलेला कुत्रा असू नये. अर्ध्या किलोची थैली अंगावर आली तर चांगलीच लागते.

फळ्या शक्यतो उत्तर-दक्षिण मांडा. पूर्व-पश्चिम मांडल्या की संध्याकाळी एका टोकाच्या खेळाडूच्या डोळ्यांवर ऊन येतं आणि मग हरलेला सूर्याला दोष देतो.

मांडल्यावर दोन गोष्टी तपासा. एक, फळी डुगडुगते का? पाय खाली उंचसखल जमिनीवर असतील तर एका बाजूला पातळ लाकडी तुकडा सरकवा. डुगडुगणाऱ्या फळीवर थैली उडी मारते. दोन, दोन्ही फळ्या एका रेषेत आहेत का? एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणा. ती दोन्ही फळ्यांच्या पुढच्या कडांवरून बरोबर मधोमध गेली पाहिजे. गुळगुळीत फरशीवर खेळत असाल तर फळी थैलीच्या धक्क्याने मागे सरकते, तेव्हा पायांखाली रबराचा तुकडा किंवा जुनी पायपुसणी टाका.

फळी घरी बनवायची असेल तर

तयार संच मिळतात. पण हातात करवत धरता येत असेल तर एका सुट्टीच्या दिवसात दोन्ही फळ्या होतात.

वरच्या पृष्ठासाठी अर्धा इंच जाडीचं प्लायवूड घ्या. त्याहून पातळ घेतलं तर थैली पडल्यावर ढोलासारखा आवाज येतो आणि ती उसळते. खालच्या चौकटीसाठी दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद पट्ट्या. प्रत्येक फळीला ४८ इंचांच्या दोन आणि २१ इंचांच्या दोन. छोट्या पट्ट्या लांब पट्ट्यांच्या आत बसतात, त्यामुळे बाहेरून बरोबर २४ इंच भरतात. साडेतीन इंचांची चौकट आणि वर अर्धा इंच प्लायवूड, म्हणजे पुढची कड आपोआप ४ इंच होते.

चौकट स्क्रूने जोडा, प्लायवूड बसवायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. एक जास्त भरला तर त्या कोपऱ्यावर हातोडीने हलके ठोका आणि पुन्हा मोजा.

भोकासाठी मध्यबिंदूवर खिळा मारा, दोरीला पेन्सिल बांधून ३ इंचांच्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. वर्तुळाच्या आत ड्रिलने एक छिद्र पाडा, त्यातून जिग-सॉचं पातं घाला आणि रेषेच्या किंचित आतून सावकाश कापत जा. उरलेलं पॉलिश पेपरने घासून रेषेपर्यंत आणा. भोकाची कड बोट फिरवल्यावर टोचता कामा नये, नाहीतर थैल्यांचं कापड तिथेच फाटतं. माझ्या पहिल्या फळीचं भोक मी घाईत कापलं आणि ते बटाट्यासारखं झालं. पाच वर्षं त्यावर खेळलो. उजवीकडून आलेली थैली हटकून अडकायची.

पायांचं गणित करत बसू नका. पायाच्या वरच्या टोकाला गोलाई द्या, म्हणजे तो आत दुमडेल. चौकटीच्या आतल्या बाजूला, वरच्या टोकाजवळ बोल्ट आणि वायसर घालून दोन्ही पाय बसवा. आता फळीची मागची बाजू विटांवर टेकवून वरची कड बरोबर १२ इंचांवर आणा. पाय शेजारी लटकू द्या आणि जमिनीला समांतर रेष मारा. त्या रेषेवर कापलं की उंचीही बरोबर येते आणि पायाचा तळ जमिनीवर सपाट बसतो.

रंगाआधी लाकूड भरपूर घासा, रंगाच्या दोन हातांमध्येही एकदा घासा. फार चकचकीत वॉर्निश मारलं की थैल्या बर्फावरून जाव्यात तशा सुटतात. खरबरीत ठेवलं तर पडतील तिथेच चिकटतात. फळीच्या मधोमध टाकलेली थैली वीतभर पुढे सरकून थांबली, की पृष्ठ जमलं असं समजा.

थैल्या

आठ थैल्या लागतात, चार एका रंगाच्या, चार दुसऱ्या. प्रत्येक थैली ६ इंच बाय ६ इंच आणि वजन १६ औंस, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे चालतं, पण आठही थैल्या एकसारख्या हव्यात. एक थैली जड आणि एक हलकी असेल तर हात कधीच बसत नाही.

शिवायच्या असतील तर जाड सुती कॅनव्हास घ्या. एका थैलीला ७ इंचांचे दोन चौकोन, म्हणजे आठ थैल्यांना सोळा. अर्धा इंच आतून तीन बाजू शिवा, शिलाई दोनदा मारा. चौथ्या बाजूला तीन बोटं जातील एवढी फट ठेवून थैली उलटवा, वजनकाट्यावर मोजून भरा आणि फट शिवून टाका. थैली ठासून भरल्यासारखी टणक झाली तर कापड लहान कापलं गेलंय. बोटांनी दाबल्यावर आतला माल इकडून तिकडे सरकला पाहिजे.

आत काय भरायचं? मक्याच्या दाण्यांच्या थैलीचा आवाज आणि हाताला लागणारा भार मला आवडतो. पण त्यात भुसा होतो, कीड लागते, उंदरांना वास लागतो. एकदा माझी एक थैली पावसात अंगणात राहिली. चार दिवसांनी झुडपाखाली सापडली तेव्हा शिवणीतून हिरवा कोंब बाहेर आला होता. तेव्हापासून मी प्लास्टिकचे बारीक दाणे भरतो. ते भिजत नाहीत, थैली धुता येते आणि वजन वर्षानुवर्षं तेच राहतं. मक्याची थैली एकदोन वेळा खेळायला मस्त, कायमची नको.

विकतच्या चांगल्या थैल्यांच्या दोन बाजूंना दोन वेगळी कापडं असतात. एक बाजू गुळगुळीत, वेगाने घसरणारी. दुसरी सुएडसारखी खरबरीत, पडेल तिथे थांबणारी. कुठली बाजू खाली ठेवून टाकायची हे खेळाडूने ठरवायचं. याचा उपयोग पुढे सांगतो. नवी थैली कडक असते, तिला हातात चोळून, चुरगळून मऊ करावी लागते.

कोण कुठे उभं राहतं

दोघेच खेळत असतील तर दोघेही एकाच फळीशेजारी उभे राहतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. आठही थैल्या टाकून झाल्या की दोघे समोर चालत जातात, गुण मोजतात, थैल्या उचलतात आणि तिथून परत पहिल्या फळीकडे टाकतात.

चौघे असतील तर जोडीदार समोरासमोरच्या टोकांना उभे राहतात. म्हणजे तुमच्या शेजारी प्रतिस्पर्धी आणि तुमचा जोडीदार २७ फुटांवर. यात कुणालाच चालावं लागत नाही. जेवल्यावर खेळायला हाच प्रकार बरा.

फळीच्या दोन्ही बाजूंना ३ फूट रुंद आणि ४ फूट लांब असा चौक धरतात. थैली सुटेपर्यंत पाय त्या चौकातच हवा. आपल्या शेजारच्या फळीची पुढची कड ही मर्यादा. तिच्या पुढे पाय पडला तर ती थैली बाद. उजव्या हाताने टाकणाऱ्याने शक्यतो फळीच्या डाव्या बाजूला उभं राहावं, म्हणजे हात फळीच्या बाजूला येतो आणि समोरच्या भोकाच्या जवळजवळ सरळ रेषेत राहतो. डावखुऱ्याने उलट.

गुण आणि वजावट

एका फेरीत प्रत्येकी चार थैल्या, आळीपाळीने. तुमची एक, त्याची एक. सगळ्या संपेपर्यंत फळीवरच्या कुठल्याही थैलीला हात लावायचा नाही. अपवाद एकच: जी थैली आधी जमिनीला लागून मग फळीवर आली, ती लगेच उचलून बाजूला ठेवायची.

फेरी संपली की दोघांचे गुण मोजा आणि जास्तीतून कमी वजा करा. उरलेला फरकच जास्त गुणवाल्याच्या नावावर चढतो. तुमचे ५ आणि त्याचे २ तर तुम्हाला ३, त्याला काही नाही. दोघांचे सारखे तर फिट्टंफाट, कुणालाच काही नाही. एका फेरीत जास्तीत जास्त १२ गुण मिळू शकतात, आणि समोरच्याला त्याच फेरीत शून्य असेल तरच ते पूर्ण पदरात पडतात.

ही वजावट समजली की खेळ समजला. गंमत म्हणून एक फेरी बघू. लाल १७ वर, निळा १५ वर, लालने सुरुवात केली.

लालची पहिली थैली भोकाच्या जेमतेम वीतभर अलीकडे, बरोबर मधोमध थांबली. निळ्याला वाट अडलेली. त्याने जोरात घसरती थैली टाकली, ती लालच्या थैलीवर आदळली आणि लालची थैली भोकात गेली. निळ्याची स्वतःची राहिली बाहेर, तिच्याच जागी. लाल हसला आणि चढून गेला: दुसरी थैली हवेतून थेट भोकात घालायला गेला, ती फळीपलीकडे. निळ्याने दुसरी शांतपणे डाव्या कोपऱ्यात ठेवली. लालची तिसरी घसरत आली, भोकासमोरच्या निळ्या थैलीला ढकलत तिच्यासकट भोकात गेली. निळ्याला समोर रिकामी वाट मिळाली, त्याची तिसरीही भोकात. लालची चौथी फळीवर थांबली. निळ्याची चौथी अलीकडे पडली, मातीला लागून उडाली आणि टुणकन फळीवर बसली. बसली तरी बाद.

आता मोजा. लालच्या दोन भोकात आणि एक फळीवर, ७. निळ्याच्या दोन भोकात, त्यातली एक लालनेच घातलेली, आणि एक फळीवर, ७. फिट्टंफाट. १७-१५ तसेच. निळ्याची शेवटची थैली चार बोटं पुढे पडली असती तर त्याला एक गुण मिळाला असता.

या उदाहरणातून एक नियम निघतो: थैली कुणी ढकलली याला महत्त्व नाही, फेरीअखेर ती कुठे आहे यालाच आहे. तुमची थैली त्याने भोकात ढकलली तर गुण तुम्हाला, तुमची तुम्हीच जमिनीवर पाडली तर शून्य.

वादाच्या आणखी काही जागा. थैली फळीवर आहे पण तिचं टोक जमिनीला टेकलंय, तर शून्य. दुसऱ्या थैलीच्या पाठीवर बसली आहे, फळीला स्पर्श नाही, पण जमिनीलाही नाही, तर १. अर्धी भोकात लोंबतेय, पडत नाही, तरी १ च. कुणी फुंकर मारायची नाही आणि पाय आपटायचा नाही.

ज्याला फेरीत गुण मिळाले तो पुढची फेरी सुरू करतो. फिट्टंफाट झाल्यास कोण सुरू करणार ते खेळाआधी ठरवून ठेवा, याबद्दल जागोजागी वेगवेगळी पद्धत आहे. पहिल्या फेरीसाठी नाणं उडवा.

फेरी संपल्यावर २१ किंवा जास्त झाले की जिंकलात. काही घरांत बरोबर २१ च लागतात, जास्त झाले की गुण घसरून १५ किंवा ११ वर येतात. मला तो नियम आवडत नाही. चांगलं खेळल्याची शिक्षा होते आणि डाव रात्रीपर्यंत संपत नाही.

थैली टाकायची कशी

अंगणात पहिल्यांदा खेळणारे बहुतेक जण थैली गोळ्यासारखी मुठीत धरतात आणि अंदाजपंचे दाहोदरसे भिरकावतात. थैली कोलांट्या खात जाते, कोपऱ्यावर आपटते आणि कुठेही उडते. सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी करायची आहे: थैली हवेत आडवी, सपाट गरगरत गेली पाहिजे, आणि फळीवर पूर्ण पोटावर पडली पाहिजे.

थैली आधी तळहातावर थोपटून आतला माल सगळीकडे सारखा पसरवा. मग अंगठा वर, चार बोटं खाली, अशी धरा. टपालाचं पाकीट कुणाला देताना धरतो तशी, पण चिमटीत नाही, बोटं आतपर्यंत. थैली जमिनीला समांतर हवी. फार घट्ट धरलीत तर सुटताना बोटांत अडकते आणि खाली जाते.

उभं राहताना दोन्ही पाय जवळ, खांदे फळीकडे, गुडघे किंचित सैल. उजव्या हाताने टाकणाऱ्याने डावा पाय एक पाऊल पुढे टाकायचा. हात खालून मागे जातो, कमरेच्या वर नको, आणि लोलकासारखा पुढे येतो. जोर दंडातून नाही, पावलातून आणि झोक्यातून येतो. हात पुढे येताना मनगटाने थैलीला आडवी हलकी फिरकी द्या. फिरकीमुळे ती हवेत स्थिर राहते, कलंडत नाही.

सोडायची कधी? साधारण हात छातीच्या उंचीवर आला की. त्याआधी सुटली तर ती खाली, सरळ रेषेत जाते आणि अलीकडे आपटते. उशिरा सुटली तर उंच जाते आणि फळीपलीकडे पडते. सुटल्यावर हात तिथेच थांबवू नका, भोकाकडे बोट दाखवावं तसा पुढे जाऊ द्या. थैली डोक्याच्या दोन-तीन हात वर जाऊन उतरली की कमान बरोबर आहे. फार सपाट टाकलेली थैली वेगाने येऊन फळीवरून निसटते, फार उंच टाकलेली धपकन पडते आणि घसरतच नाही.

नजर कुठे? भोकावर नाही. भोकाच्या फूट-दीड फूट अलीकडे, फळीच्या मधल्या भागावर. मी सुरुवातीला तिथे खडूने एक फुली मारली होती आणि भोक एका कापडाने झाकून टाकलं होतं. आठवडाभर फक्त फुलीवर टाकत राहिलो. कापड काढलं तेव्हा दर चारपैकी एक थैली न मागता भोकात जात होती.

चूक ओळखायची सोपी युक्ती म्हणजे थैल्या कुठे पडतात ते पाहणे. सगळ्या डावीकडे जात असतील आणि तुम्ही उजव्या हाताचे असाल, तर हात शरीरासमोरून आडवा जातोय. कोपर अंगाजवळ ठेवा. सगळ्या अलीकडे पडत असतील तर जोर वाढवू नका, गुडघे जरा वाकवून पाऊल मोठं टाका. थैली कोलांट्या खात असेल तर मनगट वर वळतंय, तळहात छताकडे ठेवून बघा. आणि थैल्या चहूकडे विखुरत असतील तर अजून कुठलीच सवय लागलेली नाही. मग काही बदलू नका, फक्त एकाच पद्धतीने चाळीस थैल्या टाका.

तीन प्रकारच्या थैल्या

नेहमीची ती घसरती. फळीवर सपाट पडून पुढे सरकत भोकात जाणारी. गुळगुळीत बाजू खाली. दहापैकी आठ वेळा हीच टाकायची.

दुसरी अडथळा. मुद्दाम भोकाच्या थोडी अलीकडे थांबवायची, म्हणजे समोरच्याची घसरती वाट बंद होते. खरबरीत बाजू खाली, कमान थोडी उंच. अडथळ्याचे गुण एकच, पण आपल्या धक्क्याने तुमची थैली भोकात जाईल या भीतीने समोरचा जोर कमी करतो, आणि त्याची थैली मध्येच राहते.

तिसरी हवाई. फळीला न शिवता थेट भोकात. वाट अडली असेल तर दुसरा इलाज नसतो. पण ती चुकली की बहुतेक वेळा फळीपलीकडेच जाते, म्हणजे हातचा एक गुणही गेला. नवशिक्यांना हीच सगळ्यात जास्त मोहात पाडते. मी अजूनही हरत असलो की दोन-तीन वाया घालवतो.

फेरीची पहिली थैली नेहमी सावध टाका. फळीवर एक आली की मन स्थिर होतं. शेवटची थैली ज्याच्याकडे असते त्याचा हात वरचढ, कारण त्याला सगळं चित्र दिसतं. मागची फेरी जिंकणारा आधी टाकत असल्यामुळे शेवटची थैली हरणाऱ्याच्या हातात जाते, आणि म्हणूनच पाच-सहा गुणांची आघाडी या खेळात बघता बघता विरघळते. आघाडीवर असाल तर फिट्टंफाट म्हणजेही तुमचाच फायदा, तेव्हा अडथळे टाका आणि फेऱ्या संपवत जा. मागे असाल तर वाट मोकळी ठेवा, भोकासमोर गर्दी करू नका. मोठ्या फरकाची फेरी मोकळ्या फळीवरच होते.

हवेकडेही लक्ष असू द्या. दमट संध्याकाळी फळी आणि कापड दोन्ही चिकट होतात आणि दुपारी भोकात जाणारी तीच थैली अलीकडे थांबते. मधूनमधून कोरड्या फडक्याने फळी पुसा. नाहीच सरकली तर टप्पा अर्धा फूट पुढे घ्या, जोर तोच ठेवा.

खेळ आवरताना

आठ थैल्या मोजून घ्या. झुडपाखाली एक नक्की असते. ओल्या असतील तर पिशवीत कोंबू नका, दोरीवर पसरा, नाहीतर कापडाला बुरशीचा वास येतो आणि तो जात नाही. मक्याच्या थैल्या तर पत्र्याच्या डब्यातच ठेवा. फळ्यांचे पाय दुमडून त्या उभ्या ठेवा, पृष्ठ भिंतीकडे. आडव्या ठेवल्या की कुणीतरी त्यांच्यावर काहीतरी ठेवतंच, आणि मग पुढच्या वेळी थैली रंगाच्या खरवडलेल्या जागेवर येऊन अडते.

महिन्यातून एकदा बोल्ट आवळा. माझ्या फळीचा एक पाय ऐन २०-२० वर दुमडला होता आणि भोकाच्या काठावरची थैली जमिनीवर आली. ती फेरी पुन्हा खेळायची की नाही, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.